बाबासाहेबांचा रुपया आणि बिटकॉइनचा बाजार

काही दिवसांपूर्वी एका अभ्यासवर्गात बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रावर बोलण्याचा योग आला. भाषण संपले, प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि मागच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला. इंजिनिअरिंग झालेला, वाचणारा पोरगा. त्याने विचारले, "सर, सरकारच्या हातात मनमानी चलन काढण्याची सत्ता ठेवू नका, चलनाला मर्यादा घाला, असे बाबासाहेब 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये सांगतात. बिटकॉइन कोणत्याच सरकारच्या हातात नाही. दोन कोटी दहा लाखांच्या वर एकही नाणे निघणार नाही. मग बाबासाहेबांच्या मनातले चलन हेच नव्हे काय?" सभागृहात टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी कळले, की या पोराने वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातला काही भाग बिटकॉइनमध्ये घातला आहे. वडील चतुर्थश्रेणी कर्मचारी. आयुष्यभराची पुंजी.

टाळ्यांना उत्तर देणे सोपे असते. वडिलांच्या पुंजीला उत्तर देणे अवघड. म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या पोराचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. आमच्या माणसाला बँकेच्या दारात काय अनुभव येतो हे ज्यांनी भोगले आहे त्यांना तो कळेल. तारण काय, जामीनदार कोण, गावात जमीन किती, आडनाव काय! शेअर बाजाराचे जग तर आमच्या वस्त्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिले. दलाल त्यांचे, पेढ्या त्यांच्या, आतली बातमी त्यांच्याच घरात. अशा वेळी मोबाइलवर एक ॲप येते. ते ना जात विचारते, ना जामीनदार मागते. शंभर रुपयांतही खाते उघडून देते. ज्याला प्रत्येक दारावर थांबवले गेले त्याला उघडे दार दिसले तर तो आत जाणारच. प्रश्न एवढाच, की आत घर आहे की विहीर?

बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध केला तेव्हा त्यांचा वाद सुवर्ण विनिमय परिमाणाशी होता. केन्ससारखा अर्थपंडित या व्यवस्थेची बाजू घेत होता आणि बाबासाहेब त्याच्या विरोधात उभे राहिले. इंग्रज सरकार रुपयाचा सोन्याशी भाव टिकवल्याचे सोंग करते आणि हवे तसे रुपये पाडत जाते, हा त्यांचा आरोप होता. म्हणून त्यांनी चलनाला मर्यादा मागितली. इथपर्यंत आमचा तरुण बरोबर आहे. पण मर्यादा कशासाठी मागितली? हे विचारल्याशिवाय पान उलटता येत नाही. मर्यादा हे त्यांचे साधन होते. साध्य होते रुपयाच्या क्रयशक्तीचे स्थैर्य. आज एका रुपयात जेवढी ज्वारी मिळते तेवढीच उद्या मिळावी. रुपया घसरला, महागाई वाढली की व्यापारी आणि मालक वर्ग कमावतो आणि ती कमाई मजुराच्या ताटातून काढलेली असते, हे त्यांनी ठामपणे मांडले. पुढे हिल्टन यंग कमिशनसमोरही त्यांनी रुपयाबद्दलची आपली भूमिका मांडली. चलनाच्या प्रश्नाकडे मजुराच्या बाजूने पाहणारा अर्थशास्त्रज्ञ त्या काळात दुसरा कोण होता?

आता हीच कसोटी बिटकॉइनला लावा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९ हजार डॉलरवर गेला होता. वर्षभरात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १६ हजारांच्या खाली आला. नाण्यांची मर्यादा तीच, दोन कोटी दहा लाख. एकही नाणे जादा निघाले नाही. तरी शंभराच्या ठिकाणी पंचवीससुद्धा उरले नाहीत. पगार या नाण्यात मिळाला असता तर त्या मजुराच्या घरात चूल पेटली असती काय? संख्येची मर्यादा घातली म्हणजे मोल स्थिर होत नाही. बाबासाहेबांचे नाव घेऊन बिटकॉइन विकणाऱ्यांनी निदान ग्रंथ तरी पुरा वाचावा.

पण त्या तरुणाच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बिटकॉइन कोणत्याच सरकारच्या हातात नाही, असे तो म्हणाला. हे खरे आहे काय? नाणे काढण्याचे यंत्र सरकारच्या हातात नाही, हे खरे. पण बाजारात त्याचा भाव डॉलरमध्ये ठरतो आणि डॉलरचा व्याजदर वॉशिंग्टनमध्ये फेडरल रिझर्व्ह नावाची अमेरिकेची मध्यवर्ती बँक ठरवते. गेल्या सहा वर्षांचा इतिहास तपासला तर या 'स्वतंत्र' नाण्याच्या गळ्यात कोणाची दोरी आहे हे दिसते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची भीती जगभर पसरली. १२ मार्चला अमेरिकेचा शेअर बाजार सुमारे साडेनऊ टक्के कोसळला. बिटकॉइन त्याच दिवशी जवळपास ४० टक्के कोसळला. संकटात सोन्यासारखा उपयोगी पडेल म्हणून ज्याची जाहिरात झाली, तो पहिल्याच मोठ्या संकटात शेअरपेक्षा चौपट आपटला. तीन दिवसांनी फेडने व्याजदर शून्याजवळ आणला आणि बाजारात पैशाचा पूर सोडला. बँकेत पैसा ठेवून काही मिळेना, कर्ज जवळजवळ फुकट. तो पैसा शेअरमध्ये गेला, घरांत गेला आणि उरलेला क्रिप्टोत गेला. २०२० आणि २१ मध्ये यूट्यूबवर जे 'क्रिप्टो गुरू' उगवले त्यांनी हे स्वतःच्या बुद्धीचे फळ म्हणून सांगितले. वस्तुतः ते स्वस्त पैशाचे पीक होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी जानेवारी २०२२ मध्ये दाखवून दिले, की २०१७ ते २०१९ या काळात बिटकॉइन आणि अमेरिकी शेअर यांच्या चढउताराचा परस्परसंबंध ०.०१ म्हणजे नसल्यासारखा होता. २०२०-२१ मध्ये तो ०.३६ झाला. म्हणजे दोघेही एकाच वाऱ्यावर हलू लागले होते.

मग महागाई भडकली आणि वारा फिरला. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या सोळा महिन्यांत फेडने व्याजदर शून्याजवळून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. २०२२ या एका वर्षात अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक सुमारे १९ टक्के पडला, तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक सुमारे ३३ टक्के पडला आणि बिटकॉइन सुमारे ६४ टक्के.

एकच व्याजदर, तीन वेगळे फटके. असे का झाले? हे समजायला डॉक्टरेट लागत नाही. दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत काय? व्याज ४ टक्के असेल तर सुमारे ६८ रुपये, कारण ६८ रुपये बँकेत ठेवले की दहा वर्षांनी शंभर होतात. व्याज ८ टक्के झाले की त्याच शंभराची आजची किंमत ४६ रुपये होते. शेअर म्हणजे कंपनीच्या पुढच्या नफ्यातला वाटा. व्याज वाढले की त्या पुढच्या नफ्याची आजची किंमत उतरते, म्हणून शेअर पडतो. ज्या कंपनीचा नफा अजून दूर आहे, नुसती स्वप्ने आहेत, ती जास्त पडते. म्हणून नॅसडॅकला मोठा फटका बसला. पण शेअरच्या पडण्याला कुठेतरी तळ असतो. कारखाना असतो, माल विकला जातो, लाभांश येतो. भाव फार उतरला की कोणीतरी हिशोब करून म्हणतो, आता घ्यायला हरकत नाही.

बिटकॉइनला हा तळ नाही. त्याला नफा नाही, लाभांश नाही, भाडे नाही, व्याज नाही. आज ज्याने घेतला त्याला फायदा व्हायचा तर उद्या अधिक भावाने घेणारा कोणी भेटला पाहिजे. तो उद्याचा गिऱ्हाईक येतो स्वस्त पैशातून. सरकारी रोख्यावर बसल्याजागी पाच टक्के मिळू लागले की तो गिऱ्हाईक म्हणतो, कशाला हा जिवाला घोर? आणि दुकान ओस पडते. त्यात भर उसनवारीच्या सट्ट्याची. स्वतःचे पाच हजार आणि उसने मिळून वीस पट, म्हणजे एक लाखाचा सौदा. भाव पाच टक्के हलला की पाच हजार साफ! बाजार मग पुन्हा वर गेला तरी त्याचा उपयोग काय? खेळाडू मैदानाबाहेर गेलेला असतो. २०२२ मध्ये एकाच्या पडझडीखाली दुसरा सापडत गेला. मेमध्ये टेरा-लुना बुडाले, ज्याच्या जोरावर ठेवीदारांना वर्षाला सुमारे २० टक्के व्याज मिळत होते. जूनमध्ये सेल्सियसने पैसे काढणे बंद केले. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स ही अवाढव्य पेढी दिवाळखोरीत गेली. व्याजदर शून्य होता तोवर या सगळ्यांची पापे झाकली गेली होती. ओहोटी आली आणि कोण उघडा पोहत होता ते दिसले.

याच वर्षी आपल्या देशात काय झाले? रिझर्व्ह बँकेनेही मे २०२२ पासून रेपो दर चारवरून चढवत फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर नेला. परदेशी गुंतवणूकदारांनी २०२२ मध्ये लाखाहून अधिक कोटी रुपयांचे शेअर विकून पाठ फिरवली. तरीही सेन्सेक्सने ते वर्ष सुमारे चार टक्के वाढीवर संपवले. कारण येथील पगारदारांचा एसआयपीचा पैसा दर महिन्याला येत राहिला. वर्षअखेरीस तो महिन्याला १३ हजार कोटींच्या पुढे होता. शिवाय व्याज वाढल्याने बँकांचा नफा वाढला आणि निर्देशांकात बँकांचे वजन मोठे. म्हणजे व्याजदर वाढला की शेअर पडतोच असे नाही. देश कोणता, कंपन्या कोणत्या, मागे कमाई काय, यावर ते ठरते. बिटकॉइनला मात्र देश नाही. पुण्यात घ्या की पॅरिसमध्ये, भाव एकच आणि दोरी वॉशिंग्टनची.

कोणी म्हणेल, तुम्ही सोयीचे वर्ष निवडले. मान्य. सगळाच हिशोब मांडू. २०२३ मध्ये व्याजदर चढेच होते, तरी बिटकॉइन दीडशे टक्क्यांहून अधिक वाढला. का? अमेरिकेत बिटकॉइनवर आधारित फंड शेअर बाजारात येणार अशी हवा होती आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना परवानगी मिळालीही. व्याजदर आता यापुढे उतरतील ही आशाही होती. बाजार आजच्या व्याजापेक्षा उद्याच्या व्याजाचा वास घेतो. डिसेंबर २०२४ मध्ये भावाने एक लाख डॉलर ओलांडले. त्याच महिन्यात १८ तारखेला फेडने दर कमी केला, पण पुढच्या वर्षी कपात थोडीच होईल असा इशारा दिला. शेअरही पडले, बिटकॉइनही पडला. कपातीच्या दिवशी!

२०२५ तर आणखी बोलके आहे. फेडने सप्टेंबर, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये तीनदा व्याजदर उतरवला. गुरूंच्या सूत्राप्रमाणे बिटकॉइन आकाशाला भिडायला हवा होता. ६ ऑक्टोबरला तो १ लाख २६ हजार डॉलरवर भिडलाही. चारच दिवसांनी ट्रम्प यांनी चीनवर शंभर टक्के जादा आयातशुल्काची घोषणा केली आणि एका दिवसात सुमारे १९०० कोटी डॉलरचे उसनवारीचे सौदे उडाले. त्या दिवशी अमेरिकी शेअरही पडले, सुमारे पावणेतीन टक्के. ते सावरले आणि एस अँड पीने वर्ष सुमारे १६ टक्के वाढीवर संपवले. बिटकॉइनने वर्ष जिथून सुरू केले त्याच्या खाली संपवले. म्हणजे व्याज चढले तर हा शेअरपेक्षा जास्त पडतो आणि व्याज उतरले तर चढेलच याची हमी नाही. असला सौदा सावकारसुद्धा देत नाही.

या सगळ्यात बुडाले कोण? बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स ही मध्यवर्ती बँकांची बँक. तिच्या अभ्यासकांनी ९५ देशांतील क्रिप्टो ॲपच्या वापराची माहिती तपासून फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले, की भाव कोसळत होते तेव्हा मोठे धारक विकून बाहेर पडत होते आणि लहान माणसे 'स्वस्त झाले' म्हणून विकत घेत होती. बहुतेक देशांत बहुसंख्य लहान गुंतवणूकदारांनी बहुधा तोटाच सोसला. जेवणावळीत आधी उठणारे कोण आणि उष्टी काढणारे कोण, हे आम्हाला नव्याने सांगायला नको.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय बांधवांचा अनुभव आमच्या तरुणांनी विशेष अभ्यासावा. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि १९७२ मध्ये आमच्या पोरांनी पँथर हे नाव घेतले, तेव्हापासून ते नाते आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या पाहणीत गोऱ्यांपैकी १३ टक्क्यांनी, तर कृष्णवर्णीयांपैकी १८ टक्क्यांनी क्रिप्टोत व्यवहार केल्याचे आढळले. शेअरच्या बाबतीत चित्र नेमके उलटे आहे. शेअर बाळगणारी कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्यांच्या तुलनेत बरीच कमी आहेत. कारण तेच, जे आमचे आहे. १९३० च्या दशकात नकाशावर त्यांच्या वस्त्यांभोवती लाल रंग भरून घरकर्जाची दारे बंद केली गेली. बँकेवर विश्वास तरी का ठेवावा? १८६५ मध्ये गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक काढली गेली. त्यांच्या घामाच्या ठेवी गोऱ्या धनिकांना सट्ट्यासाठी कर्जाऊ दिल्या गेल्या. १८७४ मध्ये ती बुडाली आणि सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. शेवटच्या काही महिन्यांत फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केले, त्यांनी स्वतःचे दहा हजार डॉलर घातले, तरी ती वाचली नाही. आमच्या माणसाचे नाव दारावर आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे! दीडशे वर्षांनी क्रिप्टोच्या जाहिरातींत पुन्हा कृष्णवर्णीय कलावंत आणि खेळाडू आले, जुन्या बँकांनी तुम्हाला नाकारले, हा नवा पैसा तुमचा, अशी हाक घातली गेली. हे २०२१ मध्ये, भाव शिखरावर असताना. चार-पाच महिन्यांत फेडने व्याजदर चढवायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे शेअर होते ते १९ टक्के पडले. ज्यांच्याकडे फक्त क्रिप्टो होते ते ६४ टक्के. वंशद्वेषी कायदा करावा लागला नाही. व्याजदराने ते काम केले.

चढ्या व्याजाचा फायदा कोणाला झाला, तेही पाहा. 'स्टेबलकॉइन' नावाचा प्रकार आहे. एक नाणे म्हणजे एक डॉलर. तुम्ही डॉलर देता, कंपनी नाणे देते आणि तुमचा डॉलर मुख्यतः अमेरिकी सरकारच्या रोख्यांत गुंतवते. त्या रोख्यांवर व्याज मिळते. ते कोणाला? कंपनीला. तुम्हाला शून्य. यातल्या सर्वांत मोठ्या टेथर कंपनीने २०२४ साठी १३०० कोटी डॉलरहून अधिक नफा जाहीर केला. २०२५ मध्ये अमेरिकेने कायदाच केला, की नाणे काढणाऱ्याने धारकाला व्याज देऊ नये. बँका नको म्हणून जे निघाले त्यांनी नवी बँक उभी केली, ज्यात ठेवीदाराला व्याज नाही. आमच्या आजोबांनी सावकार पाहिला होता, तो निदान कर्ज दिल्यावर व्याज घ्यायचा. हा तुमच्याकडून पैसे घेतो आणि व्याजही स्वतःच खातो.

महाराष्ट्राला हा धडा आधीच मिळाला होता. 'गेनबिटकॉइन'ने महिन्याला दहा टक्के देण्याचे आमिष दाखवून लोकांना गोळा केले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या. जुलै २०२४ मध्ये देशातील एका मोठ्या क्रिप्टो पेढीतून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून राहिले. पतपेढी बुडाली तर निदान सहकार खात्याच्या पायऱ्या झिजवता येतात. येथे कोणाच्या पायऱ्या झिजवायच्या?

आणि सरकार? रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारापासून दूर राहायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो आदेश रद्द केला. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या कामकाजात क्रिप्टोचे विधेयक दाखवले गेले, मांडले गेले नाही. पण २०२२ च्या अर्थसंकल्पात कर मात्र आला. नफ्यावर ३० टक्के आणि प्रत्येक व्यवहारावर एक टक्का टी.डी.एस. एका नाण्यात बुडालात आणि दुसऱ्यात कमावलेत तर बुडाल्याची वजावट नाही. शेअरमध्ये तोटा झाला तर तो पुढच्या नफ्यातून वजा करू देतात, येथे नाही. कर वसूल करताना क्रिप्टो आहे आणि ठेवीदाराला संरक्षण द्यायची वेळ आली की क्रिप्टो नाही! आमच्या मतांवर निवडून गेलेल्या राखीव मतदारसंघांतील खासदारांपैकी किती जणांनी हा प्रश्न लोकसभेत विचारला?

त्या तरुणाला मी चहा संपेपर्यंत एवढेच विचारले, की वडिलांना विचारून पैसे घातलेस काय? तो गप्प बसला. मग म्हणाला, भाव थोडा वर आला की काढून घेतो. मी म्हणालो, भाव वर येण्याची वाट पाहणारे तुझ्यासारखे लाखो आहेत आणि फेडच्या बैठकीला त्यातल्या एकालाही निमंत्रण नाही. वडिलांची रक्कम आधी मोकळी कर, पोस्टात किंवा बँकेत त्यांच्या नावे ठेव. मग स्वतःच्या पगारातले, बुडाले तरी घर चालेल एवढे, हवे तर ठेव. शेअरचेही शिक, तोही सट्टा म्हणून नव्हे. आणि 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' पुन्हा वाचायला घे. पुढच्या महिन्याच्या वर्गात त्यावर मी नव्हे, तू बोलायचे आहेस.

त्याने होकार दिला आहे. विषयाचे पत्रक मंडळाने छापायला टाकले आहे.